‘सबमिट’च्या मापाने शिवलेली मराठी

‘कर्तृत्व’ हा शब्द घ्या. त्यातल्या ‘र्तृ’ या एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आहे आणि पायाशी ऋकार. आता रोमन लिपीत लिहिलेलं ‘सबमिट’ डोळ्यांसमोर आणा. त्यात ओळीखाली उतरणारं एकही अक्षर नाही. फिग्मा या ॲपच्या स्क्रीन काढायच्या साधनामध्ये इंटर हा रोमन फॉन्ट १६ पिक्सेलला घेऊन ओळीची उंची ‘ऑटो’वर ठेवली, तर १९ पिक्सेलची ओळ मिळते आणि ‘सबमिट’ तिच्यात ऐसपैस बसतं. तेच १६ पिक्सेल ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टला दिले, तर ‘ऑटो’ सुमारे २७ पिक्सेलची ओळ मागतो. हा आठ पिक्सेलांचा फरक कोणी, कधी आणि कुठल्या फाइलमध्ये पाहायचा, हा वरवर डिझायनरचा प्रश्न वाटतो. सरकारी सेवेच्या ॲपमध्ये तो नागरिकाचा प्रश्न होतो.

बहुतेक कामांचा क्रम आज असा असतो. फिग्मात सगळ्या स्क्रीन इंग्रजीत काढल्या जातात. त्यांचा प्रोटोटाइप, म्हणजे कोडआधीचा नमुना, बैठकीत दाखवला जातो, इंग्रजीतच मंजूर होतो, मग कोड लिहिला जातो. अगदी शेवटी इंग्रजी शब्दांची एक एक्सेल फाइल भाषांतराला जाते आणि परत आलेला मराठी मजकूर तयार साच्यांत ओतला जातो. अक्षरं कापली गेली की फॉन्टला दोष दिला जातो, वाक्य विचित्र वाटलं की भाषांतरकाराला. खरा दोष क्रमाचा आहे. मराठी स्क्रीन डिझाइनच्या फाइलमध्येच, खऱ्या मराठी मजकुरासह काढली पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामाच्या निविदेत तशी अट लिहिलेली असली पाहिजे.

महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे आणि २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियमही. दाखला मागणाऱ्या माणसासाठी मोबाइलची स्क्रीन हीच आता कार्यालयाची खिडकी. खिडकीवरची पाटी अर्धी कापलेली असेल, तर कारकुनाने ‘इंग्रजी पाटी बघा’ म्हटलेलं आपण खपवून घेणार नाही.

कापाकापी कुठे होते ते आधी पाहू. पहिली गडबड फॉन्टच्या खान्यात. इंटरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच. तरीही त्याच मजकुराच्या खोक्यात मराठी टाइप केलं तर ते दिसतं, कारण फिग्मा गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधली अक्षरं आणून लावतो. उजवीकडच्या पट्टीवर मात्र नाव ‘इंटर’च राहतं. डेव्हलपर तेच नाव वाचून कोड लिहितो. मग अँड्रॉइड फोन आपला नोटो देवनागरी लावतो, आयफोन कोहिनूर देवनागरी आणि विंडोजचा ब्राउझर निर्मला. म्हणजे एकाच स्क्रीनचे तीन चेहरे आणि तीन उंच्या, आणि यांपैकी एकही कोणी मंजूर केलेली नाही. उपाय फुकट आहे. मुक्ता, हिंद, बालू २, नोटो सॅन्स देवनागरी हे सगळे गूगल फॉन्ट्समधून फिग्मात आयतेच मिळतात. त्यातला एक निवडा, मराठीसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल करा आणि तोच फॉन्ट ॲपमध्ये सोबत द्या. चांगला फॉन्ट नाही ही सबब दहा वर्षांपूर्वीही लंगडी होती.

दुसरी गडबड उंचीची, आणि ती जास्त फसवी. फिग्मात मजकुराचं खोकं लहान पडलं तरी अक्षर कापलं जात नाही, खोक्याबाहेर डोकावतं. बाहेरच्या फ्रेमवर ‘क्लिप कंटेंट’ लावलेलं असेल तरच ते कापलेलं दिसतं. फोनवर मात्र ठरीव उंचीच्या खोक्याबाहेरचा भाग बऱ्याचदा सरळ नाहीसा होतो. फाइलमध्ये सगळं ठीक आणि हातातल्या फोनवर ‘विद्यार्थ्यांसाठी’मधला रफार आणि अनुस्वार गायब, हे असं घडतं. त्यात आणखी एक भर. वर-खाली वाढणाऱ्या लिपींसाठी ओळीला जादा जागा सोडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. मंजूर फाइलशी पिक्सेलला पिक्सेल जुळवण्याच्या हट्टापायी ती बंद केली जाते. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरची रीत सोपी आहे. बटणाला ४० पिक्सेलची पक्की उंची द्यायची नाही. ऑटो लेआउटमध्ये उंची ‘हग’वर, म्हणजे आतल्या मजकुराप्रमाणे वाढेल अशी, ठेवायची, १६ पिक्सेलच्या अक्षराला २४ ची ओळ द्यायची आणि वर-खाली १२-१२ पिक्सेल मोकळे सोडायचे. बटण ४८ चं होतं, बोटालाही पुरेसं. परिच्छेदाच्या मजकुराला दीडपट ओळ ही खालची मर्यादा समजा, १.६ पट घेतली तर डोळ्यांना बरं. माहितीचे रकाने, यादीतल्या ओळी, वरच्या टॅब यांना पक्की उंची हवीच असेल, तर निदान ‘क्लिप कंटेंट’ चालू ठेवून काम करा, म्हणजे फाइल खोटं बोलणार नाही.

बाकीच्या खोडी लहान आहेत, पण डोळ्यांना खुपतात. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवायची किंवा घटवायची फॅशन आहे. तीच स्टाइल देवनागरीला लावली की वाढवलेल्या अंतराने शिरोरेषेला भेगा पडतात आणि घटवलेल्या अंतराने काने एकमेकांवर चढतात. देवनागरीसाठी हा आकडा शून्य, यात दुसरं मत असायचं कारण नाही. इंग्रजीत महत्त्व दाखवायला सगळी मोठी लिपी वापरतात, टीप तिरक्या अक्षरांत देतात. देवनागरीला मोठी लिपी नाही आणि बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं तिरकं रूपही नाही, ब्राउझर सरळ अक्षरच वाकवून दाखवतो. तेव्हा मराठी स्क्रीनवरची उतरंड वजन, आकार आणि रंग यांवर उभी करावी लागते. हा निर्णय भाषांतरकार घेऊ शकत नाही, तो फाइल उघडून बसलेल्या माणसालाच घ्यावा लागतो.

आणि अक्षराचं रूप? राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवलेला आहे. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे असं पानाने सांगितलं तरच ती बाहेर येतात. वेब पानावर ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा संकेत लिहिला की काम झालं. तो लिहायचा राहिला की हिंदी वळणाचा ल येतो आणि शासनाच्याच संकेतस्थळावर शासनाच्याच निर्णयाचा भंग होतो. डिझाइनच्या फाइलसोबत जी टीप डेव्हलपरला जाते, तिच्यात ही एक ओळ हवी.

इथवरची गोष्ट अक्षरांची झाली. व्याकरणाची याहून बिकट आहे.

इंग्रजी स्क्रीन साच्यांवर चालते. एक कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार तुकडा, त्यात एक रिकामी जागा, तिथे जिल्ह्याचं नाव. हा साचा मराठीत आणला की ‘पुणेमध्ये ३ केंद्रे’, ‘सातारामध्ये ५ केंद्रे’ अशी वाक्यं तयार होतात. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं, आपण पुण्यात आणि साताऱ्यात म्हणतो, आणि हे रिकाम्या जागेला कळत नाही. डिझायनरने मराठीत काम केलं असतं, तर पहिल्याच स्क्रीनवर हे खटकलं असतं आणि त्याने रचनाच बदलली असती: ‘जिल्हा: पुणे’ एका ओळीत, ‘केंद्रे: ३’ दुसऱ्या ओळीत. वेल्श भाषेतही असंच होतं, तिथे ‘कार्डिफमध्ये’ म्हणताना गावाच्या नावाचं पहिलं अक्षरच बदलतं. वेल्समधल्या २०११ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांसाठी जी भाषा-मानकं आणली, त्यांचं तत्त्वच असं आहे की वेल्शला इंग्रजीपेक्षा कमी अनुकूल वागणूक मिळता कामा नये. आपल्या निविदांना उसनं घ्यावं असं वाक्य मला तरी दुसरं दिसत नाही.

लिंगाचं तसंच. इंग्रजीत ‘अमुक मंजूर’ हा एक साचा सगळ्याला पुरतो. मराठीत अर्ज मंजूर होतो, तक्रार दाखल होते, प्रमाणपत्र तयार होतं आणि कागदपत्रं अपलोड होतात. एका साच्यात चारही कोंबली की ‘तक्रार दाखल झाला’ अशी वाक्यं हाती येतात. प्रत्येक गोष्टीसाठी पूर्ण वाक्य लिहा, नाहीतर ‘स्थिती: मंजूर’ म्हणा. थोडं कोरडं आहे, पण शुद्ध आहे. स्वयंघोषणेच्या चौकोनापुढे ‘मी घोषित करतो की’ असं लिहून अर्ध्या अर्जदारांना पुरुष करायचं, किंवा ‘करतो/करते’ अशी तिरकी रेघ मारायची, हाही त्याच इंग्रजी साच्याचा परिणाम. ‘वरील माहिती खरी आहे, हे माझे निवेदन’ या वाक्यात लिंगाचा प्रश्नच उरत नाही. पण असं वाक्य सुचायला ती स्क्रीन समोर असावी लागते.

भाषांतरकारासमोर स्क्रीन नसते, एक्सेलचा स्तंभ असतो. त्यात ‘अप्लाय’ असा एकटा शब्द आला तर तो दाखल्यासाठी ‘अर्ज करा’ आहे की यादी गाळण्यासाठी ‘लागू करा’, हे त्याने कशावरून ठरवायचं? ‘क्लिअर’ म्हणजे ‘पुसा’ की ‘स्पष्ट’? ‘स्टेट’ म्हणजे राज्य की स्थिती? या चुकांवर विनोद पुष्कळ होतात. ज्याने त्या माणसाला स्क्रीन न दाखवता स्तंभ पाठवला, त्याच्यावर एकही होत नाही. कार्यालयांतून येणारा मजकूर कित्येकदा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. तो फाइलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो, मग कोणीतरी वैतागून त्याचं चित्रच करून लावतं. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, मोठा केला की फाटतो आणि स्क्रीन रीडरला तर तो दिसतच नाही.

याद्यांचा क्रम हे आणखी एक दुखणं. जिल्ह्यांची यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावून मग मराठी केली, की ती अहिल्यानगर, अकोला, अमरावती, बीड, भंडारा, बुलढाणा, चंद्रपूर अशी उतरते. मराठी वाचणाऱ्याला ‘अ’नंतर एकदम ‘ब’ का, हे कळत नाही. कोल्हापूरकर ‘क’ शोधतो आणि ‘क’ कुठल्या कुठे असतो. मराठीत ती अकोला, अमरावती, अहिल्यानगर, कोल्हापूर, गडचिरोली अशीच हवी. ३६ जिल्ह्यांत हे निभावून जाईल, पण गावांच्या यादीत माणूस हरवतो.

यावर आक्षेप तीन. पहिला, आता यंत्र भाषांतर करतं. भाषिणीसारखा सरकारी उपक्रम २०२२ पासून आहे, संकेतस्थळावर भाषा बदलायचं बटण बसवलं की झालं, असं म्हटलं जातं. बातमी, परिपत्रक, लांब माहितीपत्रक यांसाठी हे उपयोगी आहे, नाकारायचं कारण नाही. अर्जाच्या स्क्रीनसाठी मात्र नाही. ऐन वेळी उमटणारी मराठी स्क्रीन नागरिकाच्या आधी कोणीही पाहिलेली नसते. डिझायनरने नाही, अधिकाऱ्याने नाही, परीक्षकाने नाही. यंत्र उद्या अचूक शब्द देईल, पण १९ पिक्सेलच्या ओळीला २७ ची करणं त्याच्या हातात नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन भाषांत काढायचं म्हणजे दुप्पट काम, असा समज आहे. तो साधन कसं चालतं हे न कळल्यामुळे आहे. फिग्मात जून २०२३ पासून व्हेरिएबल्स आहेत, म्हणजे एकाच जागी बदलता येणारी मूल्यं. प्रत्येक वाक्य एक टेक्स्ट व्हेरिएबल, त्याला मराठी आणि इंग्रजी असे दोन मोड, की अख्खी फ्रेम एका निवडीने भाषा बदलते. मोडची संख्या योजनेनुसार मर्यादित असते, ते आधी तपासून घ्यावं. बटणाचा कंपोनंट एकदा मराठीला पुरेल असा केला की त्याच्या सगळ्या प्रती आपोआप सुधारतात. उलट तीच दुरुस्ती ॲप तयार झाल्यावर करायची, तर स्क्रीनगणिक कोड, पुन्हा चाचणी आणि नवी आवृत्ती. महाग काय, हे ठेकेदारांना नक्की माहीत असतं. निविदेत मागितलेलं नसतं म्हणून ते करत नाहीत, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

तिसरा आक्षेप असा, की लोक स्वतःच इंग्रजी निवडतात. निवडतातही. पण तुटक्या मराठीपासून पळालेल्या माणसाला इंग्रजीप्रेमी म्हणणं म्हणजे मोडक्या बाकावर कोणी बसत नाही म्हणून बाकाची गरजच नाही असं ठरवणं.

मग निविदेत नेमकं काय लिहायचं? सर्व स्क्रीन ३६० पिक्सेल रुंदीवर, आधी मराठीत, खऱ्या मजकुरासह. लोरेम इप्सम हा जागा भरायचा निरर्थक मजकूरही नको आणि ‘येथे मजकूर येईल’ही नको. प्रत्येक कंपोनंटमध्ये त्या सेवेतलं सर्वांत लांब नाव घालून दाखवायचं. ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ ज्या कार्डावर तीन टिंबांविना मावतं, त्यावर उत्पन्नाचा दाखला मावेलच. चाचणीच्या शब्दांची एक पट्टी फाइलच्या पहिल्या पानावर ठेवायची: कर्तृत्व, विद्यार्थ्यांसाठी, राष्ट्रीयत्व, उद्ध्वस्त, हृदय, दुसऱ्या, ॲप. यात रफार, ऋकार, उभी जोडाक्षरं, चंद्र आणि ‘ऱ्या’तला अर्धा र, सगळं येतं. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे आणि ती सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मानकं धरते, त्यांत ओळीची उंची दीडपट केली तरी मजकूर हरवता कामा नये असं कलम आहेच. म्हणजे मागायचं ते फार नवं नाही. आहे त्या नियमाची तपासणी मराठी स्क्रीनवर करा, एवढंच.

प्रोटोटाइपही मराठीतच दाखवला पाहिजे, आणि तोही बैठकीच्या मोठ्या पडद्यावर नव्हे. प्रोजेक्टरवर १२ पिक्सेलचं अक्षरही वीतभर दिसतं. फिग्माच्या मोबाइल ॲपमधून तो स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडा. मात्र प्रोटोटाइप हे शेवटी चित्र आहे, फोनमधला अक्षरांचा आकार वाढवला तरी ते वाढत नाही. ती परीक्षा खऱ्या ॲपवरच घ्यावी लागते. अँड्रॉइड १४ पासून आकार २०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, आणि चाळिशी उलटलेले कित्येक जण तो मोठाच ठेवतात.

एक कलम फाइलच्या मालकीचं हवं. ठेका संपल्यावर ‘दाखला’ऐवजी ‘प्रमाणपत्र’ करायचं ठरलं, जिल्ह्याचं नाव बदललं किंवा ओळ वाढवावी लागली, तर मूळ फाइल लागते, आणि ती बहुधा ठेकेदाराच्या खात्यात असते. तिथली पीडीएफ विभागाकडे सोपवली म्हणजे फाइल मिळाली असं नव्हे. फिग्माची फाइल उतरवून ठेवता येते, पण तिचं स्वरूप बंद आहे, फिग्माबाहेर ती नीट उघडेल याची खात्री नाही. ही साधनं अजरामर नसतात. अडोबीने फायरवर्क्सचा विकास २०१३ मध्ये थांबवला. इनव्हिजनची सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली. अडोबीने २०२२ मध्ये फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार सोडला, आणि याच काळात अडोबीचं स्वतःचं एक्सडी हे तसंच साधन नुसत्या देखभालीपुरतं उरलं. स्पेनमध्ये घडलेलं पेनपॉट हे मुक्त परवान्याचं साधन आहे. ते विभागाला स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरने बसवता येतं, त्यात स्वतःचे फॉन्ट चढवता येतात. फिग्माइतकं ते सफाईदार नाही, आणि मोठ्या फाइलवर हे जाणवतं. प्रत्येक विभागाने उद्याच तिकडे जावं असं माझं म्हणणं नाही. फाइल विभागाच्या खात्यात, फॉन्टसह, मराठी-इंग्रजी मजकुराच्या तक्त्यासह हवी. तक्ता कुठेही उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये असला की साधन कोणतंही येवो-जावो, शब्द तरी आपल्याकडे राहतात.

या अटी कागदावर चांगल्या दिसतील आणि कागदावरच राहतील, ही भीती रास्त आहे. म्हणून त्या शेवटच्या हप्त्याला बांधा. स्वीकृतीपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या फोनवर ॲप उघडायचं, भाषा मराठी करायची, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करायचा आणि अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज पहिल्या स्क्रीनपासून पैसे भरायच्या स्क्रीनपर्यंत भरत न्यायचा. वाटेत एखादा रफार कापलेला सापडला, तर त्या स्क्रीनचं चित्र घेऊन बिलाला जोडायचं आणि बिल परत पाठवायचं.